तिसऱ्या घंटेआधी

"ही घंटा आहे का दमेकऱ्याचा खोकला? दरवर्षी सांगतो, नवी आणा, नवी आणा. ऐकतंय कोण!"

आमच्या नाट्यमंडळातले जुने नट पद्माकरराव हे माझ्या तोंडाशी तोंड आणून पुटपुटले होते. त्यांना वाटलं, कुणी ऐकलं नाही. पण मित्रांनो, घंटेला बोलायची संधी फार कमी मिळते, त्यामुळे तिला ऐकायची सवय असते.

मी एक जुनी पितळी घंटा आहे. बंगळूरच्या एका लहानशा मराठी नाट्यमंडळाची. हल्ली मंडळाने विजेची घंटा घेतली आहे, बटण दाबलं की वाजणारी. मी पत्र्याच्या ट्रंकेत, दाढ्यामिशांच्या शेजारी असते. दाढ्यांची संगत वाईट नाही, पण त्या बोलत नाहीत.

माझा जन्म बेळगावच्या एका ओताऱ्याकडे झाला. मी खरं तर देवघरात जायची होते. माझ्यावर मारुतीची मूठ बसायची होती. पण ओतताना आत कुठेतरी बुडबुडा राहिला आणि माझा आवाज घोगरा निघाला. ओताऱ्याने मला एकदा वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "देवाला नको ही." मग मला साधी सागवानी मूठ बसवून खालच्या फळीवर ठेवलं. तिथे मी दोन वर्षं धूळ खाल्ली.

मला उचललं ते चंद्रकांतरावांनी. ते बंगळूरला विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि मंडळाच्या नाटकांची सगळी व्यवस्था बघायचे. "घोगरी आहे, पण लांबवर पोचते," असं म्हणून त्यांनी मला पिशवीत टाकलं. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. दुसरं कौतुक व्हायच्या आतच, पंचावन्न साली, विषमज्वराने ते गेले.

पुढच्या गणपतीत मला कुणी वाजवायचं हा प्रश्न आला, तेव्हा त्यांची पत्नी, हेमलताबाई, विंगेत येऊन उभी राहिली. तिला कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरी मिळाली होती. दिवसभर ती न दिसणाऱ्या माणसांशी बोलायची, आणि गणपतीत विंगेत उभी राहून दिसणाऱ्या माणसांना त्यांची वाक्यं कुजबुजून पुरवायची. एका हातात नाटकाचं पुस्तक, दुसऱ्या हातात मी.

आमचा एक नियम होता. पहिली घंटा, दुसरी घंटा, आणि तिसरी झाली की पडदा वर. मग जगबुडी का होईना. पडद्याचा दोर यल्लाप्पाच्या हातात असे. तो हॉलचा रखवालदार, निपाणीकडचा, आणि नियमाचा फार पक्का. एकदा पद्माकररावांनी चुकून मला तिसऱ्यांदा वाजवलं, तर यल्लाप्पाने पडदा सरळ वर ओढला. राजवाड्यात दोन सरदार बशीतून चहा पीत बसलेले सगळ्या बंगळूरने बघितले. तेव्हापासून मला हेमलताबाईखेरीज कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

तिने काय काय निभावलं म्हणून सांगू! एके वर्षी ऐन दुसऱ्या अंकात वीज गेली. तिने बाहेरच्या चार सायकली आत आणवल्या, विंगेत स्टँडवर लावल्या, आणि चार इंजिनिअरांना पॅडल मारायला बसवलं. डायनामोच्या दिव्यांत नायकाचा मृत्यू झाला. लोक म्हणाले, मंद प्रकाशाची काय कल्पना आहे! एके वर्षी नायक कारखान्यात अडकला. तिने विंगेतून कुजबुजून जेवणाचा प्रवेश लांबवला. "आणखी वाढा... आग्रह करा... ताक मागा." बिचाऱ्या सासरेबुवांनी नायक येईपर्यंत तीन वेळा भात खाल्ला.

नाटक संपलं की मंडळाच्या बायका नटींना हळदीकुंकू लावून ओटी भरायच्या. मग सगळ्यांचा फोटो निघायचा. नेमकं त्याच वेळी हेमलताबाईला दाढ्यामिशांची पेटी आवरायची आठवण व्हायची. ती ट्रंकेपाशी खाली बसून एकेक मिशी नीट कागदात गुंडाळायची. शेवटी मला पदराने पुसून आत ठेवायची. ट्रंकेचं झाकण पडताना मला नेहमी तिच्या पाठीमागून दुसऱ्या बायकांचं हसणं ऐकू यायचं.

माझं एक मागणं आहे, ते आत्ताच सांगून टाकते, नंतर सुचायचं नाही. दसऱ्याला घरातली पितळी भांडी घासाल, तेव्हा मलाही थोडी चिंच लावा. पण माझी लाकडी मूठ पुसू नका. तिच्यावर एका बोटाचा लाल ठसा आहे. तो तसाच राहू द्या.

तो ठसा बासष्ट सालचा.

त्या वर्षीचं नाटक संसाराचं होतं. पडदा वर जातो तेव्हा नायिका आरशापुढे उभी राहून कुंकू लावत असते. नायिका होती राजाजीनगरची कल्पना. मागच्या वर्षीचं नाटक ऐनवेळी रद्द झालं होतं. यंदाही झालं असतं, तर मंडळ मोडल्यातच जमा होतं.

हॉल भरला. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. आणि कल्पनाचा नवरा अरविंद सायकलवरून धापा टाकत मागच्या दाराने आला. एकटाच.

"गालगुंड झालंय तिला. सकाळपासून लपवत होती. आता तोंडच उघडत नाही."

"तोंड उघडत नाही? मग तू का रडतोस, अरविंदा?" म्हातारे विश्वासराव म्हणाले. ते तरुणपणी स्त्रीपार्टी होते. "द्या मला ते पातळ. मिशी काढतो."

"आणि पोट कुठे ठेवणार? विंगेत?" पद्माकरराव ओरडले. "नाटक बंद करा. भजन लावू."

"अक्का, पडदा वडू काय?" यल्लाप्पाने दोराजवळून विचारलं.

"स्वल्प थांब," हेमलताबाई म्हणाली. तिने माझा लोलक बोटांत घट्ट धरला होता. लोलक म्हणजे माझी जीभ. ती धरली की मला हूं की चूं करता येत नाही.

तेवढ्यात अरविंद म्हणाला, "पण हेमलतावहिनींना सगळं पाठ आहे की!"

मित्रांनो, सगळेजण एकदम पायाखालच्या फळ्या बघू लागले.

"पाठ आहे हो," पद्माकरराव म्हणाले, "पण... उंची. कल्पनाहून दोन बोटं जास्तच आहे."

"शिवाय प्रॉम्प्टिंग कोण करणार?" विश्वासराव आपल्या मिशीला म्हणाले.

"आणि आवाज. कुजबुजायची सवय. मागच्या रांगेपर्यंत पोचेल का?"

सगळा कारखाना रोज ज्या आवाजावर चालतो, तो पोचेल का म्हणे!

"मग वहिनींनाच विचारा ना," अरविंद म्हणाला. तो मंडळात नवा होता.

"अरे, तसं नाही ते. लोकांना... म्हणजे लोकांनाही जरा..." पद्माकररावांचं वाक्य अडलं. सवयीने त्यांनी विंगेकडे पाहिलं. त्यांची वाक्यं अडली की नेहमी तिथूनच यायची. आज विंगेतून काही आलं नाही. पलीकडे लोक टाळ्या वाजवू लागले होते, वैतागून वाजवतात तशा.

हेमलताबाईने पुस्तक मिटून स्टुलावर ठेवलं. मला डाव्या हातात घेऊन ती रंगपटाच्या टेबलाशी गेली. कल्पनासाठी कुंकवाची कोयरी उघडून ठेवलेली होती. तिच्यात तिने उजव्या हाताचं बोट बुडवलं. सात वर्षांत तिला मी हळदीकुंकवाच्या ताटाजवळून जातानाही पाहिलं नव्हतं. बोट कपाळाकडे निघालं आणि मध्येच थांबलं. मग ती वळली, मला त्याच हातात घेतलं. मुठीवर बोट उमटलं. माझ्या लोलकावरची पकड सुटली.

आणि ती बोलली. कुजबुजून नाही. असा आवाज, की पडद्यापलीकडच्या टाळ्या थांबल्या.

"उंची नाही, पद्माकरराव. आवाजही नाही. मी विधवा आहे, म्हणून नको. आता बोलून झालंय. कुंकू मी तिथे आरशापुढे, पडदा वर गेल्यावरच लावीन. यल्लाप्पा, दोर धर."