आकडे फक्त आत्याला ठाऊक

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांची बॅग आहे. जुन्या वस्तू मुकाट्याने झिजतात आणि सगळ्यांना माफ करतात, असं तुम्ही निबंधात लिहिता. मी त्यातली नाही. मी डूख धरते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा काय तोरा होता! कडक निळं कवच, दोन खटके आणि मध्ये आकड्यांचं कुलूप. आत्याने पहिल्या पगारात मला घेतलं. ती एका दवाखान्यात केसपेपर काढायची. लहानपणापासून तिला एका ओसाड राजधानीचं वेड होतं. तिथले दगडी तट, पडके महाल, कोरडे हौद. "आपण दोघी जायचं हं तिकडे," असं म्हणत तिने माझ्या कुलपाला स्वतःचे आकडे लावले. ते तिने कुणाला सांगितले नाहीत, आणि मीही सांगणार नाही.

पण मला घेऊन गेलं कोण? तिचा धाकटा भाऊ. मी त्याला काटकसरे म्हणते. परीक्षेला त्याने मला नेलं, लग्नानंतर फिरायला नेलं आणि एक चाक मोडून परत आणलं. कुलपाकडे त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही, नुसते खटके दाबायचा. आत्याचं जाणं मात्र दर वेळी राहून गेलं. कधी आईचं आजारपण, कधी घराची गळती. "ताई, जरा अ‍ॅडजस्ट कर ना," एवढंच तो म्हणायचा. हा शब्द ऐकला की अजून माझ्या बिजागऱ्या करकरतात. शेवटी त्याने मला माळ्यावर टाकलं, पोटात फाटक्या चादरी कोंबल्या आणि डोक्यावर गळकी बादली ठेवली. बादली, मित्रांनो!

यंदा काटकसरेने सहलीचा बेत आखला, स्वस्तात मस्त. कुठे? त्याच राजधानीला! जेवणाच्या टेबलाशी सगळं ठरलं, आणि सांगत होती आत्या. स्टँडजवळच्या लॉजमध्ये उतरा, सायकली भाड्याने घ्या, पाणी घरून भरून न्या. वहिनी माना डोलावत होती. सगळं ऐकून झाल्यावर काटकसरे फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "खोलीत खाटा तीनच आहेत. ताई थांबेल घरी. तिला कुठे फिरायची हौस आहे?"

"बाबा, आत्याला नेऊ या ना," भाची म्हणाली.

"तू गप्प बस. ताई करेल अ‍ॅडजस्ट."

आत्या पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागली. माळ्यावर माझ्या अंगाची लाही लाही झाली.

नवी बॅग घ्यायला जिवावर आलं, म्हणून मलाच खाली ओढलं. निघायच्या सकाळी कपडे, ओळखपत्रं, पैशांचं पाकीट, सगळं माझ्या पोटात गेलं. "बसमध्ये चोर असतात," म्हणत काटकसरेने आकड्यांवरून ऐटीत अंगठा फिरवला. तीन शून्यं लावली की कुठलंही कुलूप उघडतं, अशी त्याची समजूत. मी दात आवळले.

"अहो, वाटखर्चाला पाकीट बाहेर ठेवा की," वहिनी म्हणाली.

त्याने शून्यं लावली. मी ढिम्म. त्याने मला थोपटलं, गदागदा हलवलं, लाथ घातली. मग स्क्रू ड्रायव्हर आणला, तो सटकून त्याच्याच अंगठ्यात घुसला. बरं झालं! खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता, बस दिवसाला एकच, आणि ओळखपत्रांशिवाय लॉजवाला खोली देणार नव्हता.

"ताई, आकडे सांग लवकर!"

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "आठवत नाहीत रे. वय झालं," ती म्हणाली. "ते शहर दिसलं की आठवतील बहुतेक."

भाची फिस्सकन हसली.

"अगं, पण खाटा तीनच आहेत!"

"मग जरा अ‍ॅडजस्ट कर ना."

तिने पर्स उचलली, चपला घातल्या आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरली. बसची तिकिटं तिनेच काढली, खिडकीही तिनेच घेतली. मला वरच्या फळीवर ठेवायची काटकसरेची हिंमत झाली नाही. तो मला मांडीवर घेऊन बसला. मी जमेल तेवढी जड झाले.

मित्रांनो, आपल्या सामानाची निगा राखा. घरच्या माणसांची त्याहून जास्त राखा. नाही राखली तर काय होतं, ते त्या दुपारी तटाच्या पायथ्याशी येऊन बघायला हवं होतं. टोपी माझ्या पोटात, काटकसरे उन्हात. वर तटावर आत्या आणि भाची हातात हात घालून चालल्या होत्या.

"ताई, आठवलं का गं?" त्याने खालून हाक मारली.

आत्या वाकून म्हणाली, "अरे, अजून अर्धं शहर बघायचंय!"