नराच्या खोलीतला शर्ट

बाबांनी मागच्या बाथरूमच्या बंद दाराला कान लावला आणि मला हातानंच थांब म्हणून खुणावलं.

"नवरदेव फार गप्प आहे," ते म्हणाले. "काहीतरी शिजतंय आत."

"झाड आहे ते, बाबा. गप्पच असणार."

"तू पुस्तकं वाचतेस. झाडं कुठे वाचतेस?"

ऑगस्टमधली दुपार होती. वारा साफ पडला होता. पूर्वेच्या डोंगरांमागे कुठेतरी जंगल जळत होतं, आणि त्या धुरामुळे आमच्या खोऱ्यातलं ऊन तांबूस झालं होतं, ताप आलेल्या माणसाच्या डोळ्यांसारखं. पक्षीही फारसे बोलत नव्हते. मला ते आवडत नव्हतं. बाबा मात्र खूश होते. वारा नाही म्हणजे पराग उडणार नाही.

दाराशेजारच्या खिळ्यावरून त्यांनी चौकड्यांचा जुना शर्ट काढला आणि बनियनवर चढवला. बटणं लावायला वेळ लागला. मी मदत केली नाही, कारण ती केलेली त्यांना खपत नसे. तो शर्ट फक्त त्या खोलीचा होता. आत जाताना घालायचा, बाहेर आलं की परत खिळ्याला. मग परसातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, डोकं ओल्या फडक्यानं पुसायचं. तो शर्ट घालून घराची पायरीसुद्धा उतरायची नाही.

नियम टॅन्झीचा होता. टॅन्झी डेलुका आमची शेजारीण, उतारावर खाली राहणारी. तिचे आईवडील कधीकाळी शहर सोडून या डोंगरांत गांजा पिकवायला आले, तेव्हा तो पिकवणं गुन्हा होता आणि डोक्यावर हेलिकॉप्टर फिरत. बाबा त्या वेळी लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करत आणि अशा लोकांना पाहून रस्ता बदलत. आता कायद्यानं प्रत्येकाला घरी सहा झाडं लावता येतात. टॅन्झीकडे परवाना आहे, मोठं पॉलिहाऊस आहे, आणि त्यावरच तिचं सगळं चालतं. हिवाळ्यात बाबांच्या यकृतात गाठ निघाली. त्यांना झोप येईना. टॅन्झीनं गांजा घालून घरी केलेल्या गोळ्यांचा डबा आणून दिला, त्यांना झोप लागली, आणि उठल्यावर ते म्हणाले, "फुकट किती दिवस खाऊ? बी दे मला. मीच लावतो."

"चाळीस वर्षं आम्हाला शिव्या घातल्यास, म्हाताऱ्या," टॅन्झी म्हणाली होती.

"म्हणून तर तुमच्या चुका मला पाठ आहेत."

मी युरेका शहरातल्या ग्रंथालयात नोकरीला; तिथून लांबलचक रजा काढली आणि त्यांच्याकडे राहायला आले. झाडं माझ्या डोळ्यांसमोर वाढली. बाबा रोज भिंग घेऊन प्रत्येक पेरं तपासत. पेऱ्यावर दोन पांढरे केस फुटले की मादी. बारीक गोळ्यांचा घोस दिसला की नर. नराच्या गोळ्या उघडल्या की पराग सुटतो, आणि तो लागला की मादी फूल भरायचं सोडून सगळी ताकद बियांत घालते. मग तो माल कुणी घेत नाही. म्हणून नर दिसला की उपटतात, आमच्या खोऱ्यात तरी उपटतातच. बाबांनीही उपटले. एक मात्र ठेवून घेतला.

त्या दिवशी टॅन्झी परसात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काप त्याला, हार्लन. आत्ता, माझ्यासमोर."

"एक राहू दे. पुढच्या वर्षी बी लागेल."

पुढच्या वर्षी म्हटल्यावर टॅन्झीनं माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे पाहिलं.

"बी मी देते," ती जरा हळू म्हणाली. "पोतंभर देते."

"तुझं बी तुला. मला माझ्या बाईसाहेबांचं हवंय." बाईसाहेब म्हणजे त्यांची सर्वांत दांडगी मादी, कुंपणाजवळची. तिच्या एकाच फांदीला कुंचल्यानं पराग लावायचा, त्या फांदीवर कागदी पिशवी बांधायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"गेल्या साली वरच्या कुणाचा तरी नर सुटला," टॅन्झी म्हणाली. "निम्मं पीक बियांनी भरलं माझं. अजून एक साल तसं गेलं तर मी इथे नाही. जागा विकून रेनोला बहिणीच्या माळ्यावर राहायचं, आणि तिच्या नवऱ्याचे विनोद ऐकायचे. कळतंय का तुला?"

"बाथरूममध्ये कोंडतो त्याला. खिडकीला टेप लावतो."

"तू नाही. मी लावते. तुझा हात थरथरतो."

तिनं स्वतः टेप लावली, दाराखाली ओलं फडकं सरकवलं, खिळा ठोकला, आणि तो शर्ट त्यावर टांगला. "ओला झाला की पराग मेला," जाताना मला म्हणाली. "तेवढं एक लक्षात ठेव. शंका आली की पाणी."

तर त्या दुपारी बाबा आत गेले. मी बाहेर उभी राहिले. कागदावर फांदी झटकल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, इतका वेळ की मी कडीला हात घातला. तेवढ्यात ते बाहेर आले. काचेची बरणी त्यांनी उजेडात धरली. तळाशी पिवळी पूड होती, पिठापेक्षा बारीक.

"सुटला," ते म्हणाले. "खोलीभर झालंय. दिव्याची साखळी ओढली तरी उडतंय."

बरणी धरलेल्या हाताकडे मी पाहिलं. मनगटापर्यंत पिवळा होता तो. परागानं किती आणि आजारानं किती, ते कळत नव्हतं. त्यांनी शर्ट खिळ्याला लावला, नळावर जाऊन हात धुतले. धुतल्यावरही हात पिवळेच राहिले, आणि आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

असं न बोलणं आमच्या घरी मुरलेलं होतं. डॉक्टर 'आता आरामावर भर देऊ' म्हणत. घरी येणारी नर्स 'पुढचा टप्पा' म्हणे. बाबा 'बरं वाटत नाही' म्हणत. सगळे ऑक्टोबरबद्दल बोलायचे, ऑक्टोबरात झाडं कापायची, म्हणून. मीही बोलायचे. फांद्या कुठे वाळवायच्या, दोरी किती लागेल, ते विचारायचे. मूळ शब्द कुणीच उच्चारत नसे, आणि मला वाटायचं, उच्चारला नाही तोवर तो दाराबाहेर थांबेल.

संध्याकाळी ते कपडे धुण्याच्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसले. तिथे नळीच्या दिव्याखाली, प्लास्टिकच्या झाकणाखाली, चार पारदर्शक कपांत बाईसाहेबांच्या फांद्या खोचलेल्या होत्या. त्यांना मुळं फुटायची वाट ते पाहत होते. एकेक फांदी हळूच ओढून पाहत.

"ओढू नका ना," मी म्हणाले. "फुटलेलं मूळ तुटेल."

"अजून फुटलंच नाही तर तुटेल काय?"

"या म्हणजे बाईसाहेबांच्या मुलीच ना?"

"नाही." ते यंत्र समजावताना वळायचे तसे माझ्याकडे वळले. "मुलगी बियांतून होते. तिच्यात बापाचंही येतं, चांगलं-वाईट जे असेल ते. ही तीच आहे, तिच्याच वयाची. फक्त कपात बसलीय."

"मग मी बियांतली."

"तू अगदीच बियांतली. नाक बघ स्वतःचं."

मी मक्याचं सूप केलं होतं. चार चमचे घेतले त्यांनी, आणि मीठ कमी आहे म्हणाले. मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, जीभ तुमची गेलीय. ते हसले. मग म्हणाले, जरा इथेच बसतो, तू जा झोप. मी गेले.

सकाळी धुकं होतं. समुद्राकडून नदीच्या वाटेनं वर आलं होतं आणि खिडक्यांना चिकटून बसलं होतं. मी धुण्याच्या खोलीत डोकावले. पहिल्यांदा मला कप दिसले. एका कपाच्या तळाशी, काचेला टेकून, पांढरं मूळ आलं होतं, दोऱ्याएवढं. "बाबा, फुटलं," मी म्हणाले. मग त्यांच्याकडे पाहिलं.

नर्सला फोन केला तेव्हा मी एवढंच विचारलं, "तुम्ही याल का?" माझ्या आवाजावरून ती समजली. ती आली, तिनं घड्याळात पाहिलं, कागद भरले. मग गाडी आली. दोन माणसं, बूट पुसून आत येणारी, सौम्य. बाथरूमच्या दाराजवळून बाबांना नेताना एकाचा खांदा त्या खिळ्याला घासला आणि शर्ट खाली पडला. गाडी गेल्यावर मी तो उचलला.

"कुणाला कळवायचंय?" नर्सनं विचारलं. "मी करू फोन?"

"खाली शेजारीण आहे. मीच जाऊन सांगते."

मी रात्रीच्या कपड्यांतच होते. ते बदलले, जीन्स घातली. बाहेर गारठा होता आणि शर्ट हातात होता. त्याला बाबांचा वास होता. यंत्राचं तेल, मलम, आणि खाली कुठेतरी ते स्वतः. मी तो घातला. बाह्या दुमडल्या. पायऱ्या उतरले आणि धुक्यातून खाली निघाले, बाह्यांत नाक खुपसून.

टॅन्झी पॉलिहाऊसमध्ये होती. रोज संध्याकाळी ती त्यावर काळी ताडपत्री ओढायची, झाडांना वाटावं की दिवस लहान झाले; म्हणून तिची फुलं ऑगस्टमध्येच भरत आली होती. तिनं नुकतीच ताडपत्री गुंडाळली होती. दोन्ही टोकांना मोठे पंखे घुमत होते. त्यांच्या आवाजात तिला वरची गाडी ऐकू आली नसावी. ती पाठमोरी बसून खालची पानं काढत होती.

"कपडे बदलून आलीस ना?" तिनं न वळता विचारलं. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारते.

"हो," मी म्हणाले. बदललेच होते.

"आमचा नवरदेव काय म्हणतो?"

"सुटला. काल."

"बरणी भरली म्हणजे म्हाताऱ्याची. आता त्याला म्हणावं, उरलेला जाळून टाक, माझी झोप उडालीय." ती एक झाड सोडून पुढच्या झाडाशी सरकली. "कसा आहे आज?"

मी तोंड उघडलं. तो शब्द तिथेच होता, दाताशी. "झोपलेत," मी म्हणाले.

"झोपू दे. झोप चांगली." मग ती फुलांबद्दल बोलू लागली, धुरामुळे राळ कशी कमी भरते ते, आणि मी त्या ओळीतून तिच्यामागे चालत राहिले. पांढरे केस प्रत्येक शेंड्यावर ताठ उभे होते, हजारोंनी. माझ्या बाह्या पानांना घासत होत्या. "ओट्यावर केक ठेवलाय झुकिनीचा," ती सांगत होती. "जाताना ने. हार्लनला मऊ लागतो ना, म्हणून दाणे नाही घातले. आणि त्याला सांग, रविवारी मी येते पत्ते खेळायला. गेल्या वेळी लबाडी केलीन त्यानं. वर मलाच लबाड म्हणाला."

"सांगते," मी म्हणाले.

तेव्हा बाहेर धुकं फाटलं. प्लास्टिकच्या छपरातून ऊन तिरकं आत आलं आणि मधल्या ओळीवर पडलं. त्या उन्हात काहीतरी तरंगत होतं. मला आधी धुळीचे कण वाटले. मग पंख्याचा झोत आला आणि ते सगळं एका दिशेला वळलं, पिवळं, दाट, माझ्या खांद्यापासून निघून टॅन्झीच्या डोक्यावरून पुढच्या ओळींकडे. मी हात वर केला. हाताबरोबर अजून निघालं.

"टॅन्झी, पंखे बंद कर."

"काय?"

"पंखे बंद कर. पाणी सोड. सगळीकडे."

ती वळली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाहीकडे, मग उन्हाकडे. ती दाराकडे धावली. पंखे मंदावत थांबले. छताच्या नळ्यांतून फवारे सुटले. ती फवारणी पंप पाठीवर टाकून परत आली आणि पहिल्यांदा तिनं माझ्यावरच पाणी मारलं, खांद्यांवर, बाह्यांवर, केसांवर. मी हलले नाही. पाणी शर्टातून पिवळं होऊन माझ्या बुटांवर गळत होतं.

"त्या खोलीतला शर्ट आहे हा," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी खिळा ठोकला होता त्याच्यासाठी. तू पुस्तकं वाचणारी बाई ना? तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग? हार्लन तर हात लावू देत नाही कुणाला या शर्टाला. त्यानं बघितलं कसं नाही तुला घालताना? दारातच पकडलं असतं त्यानं." ती ओळीत पुढे जाऊन पानांवर पाणी मारत होती आणि मागे वळून बोलत होती. "त्याला उठव. त्याला विचार, पराग कालचा होता की आधीचा. कालचा असेल तर जिवंत असेल अजून, तर दोनदा धुवायला लागेल सगळं. जा ना, ब्रिटा. उभी काय? त्याला विचारून ये."

मी उभीच राहिले. वरून पाणी पडत होतं. बाबांचा वास शर्टातून जात होता, मला कळत होतं.

"कालचाच आहे," मी म्हणाले. "दोनदा धू."

"तुला कसं माहीत? त्याला विचार म्हणते ना."

"विचारता येणार नाही."

टॅन्झीच्या हातातली पंपाची नळी तशीच राहिली. पाणी एकाच झाडावर पडत होतं, त्या झाडाची मान वाकली.

"झोपलाय म्हणालीस," ती म्हणाली.

"झोपले नाहीत," मी म्हणाले. "मेले. आज सकाळी, खुर्चीत. माझे बाबा मेले, टॅन्झी."