माझ्या आत लपवलेले पाकीट

मी एक जुनी नी-कॅप आहे. गुडघ्यावर चढवायची, काळी, लवचीक. आता माझी वीण सैल पडली आहे. मित्रांनो, मला वेळेवर बोलता आले असते तर एका मुलीचे हाल टळले असते, म्हणून आज सांगते.

कारखान्यात मला विणले ते दुखऱ्या सांध्याला घट्ट धरण्यासाठी. पेणच्या दुकानातून कमळाकर यांनी मला आपल्या मुलीसाठी आणले. ते जिते गावचे शेतकरी, भात आणि वाल पिकवणारे. त्यांची निशिगंधा कॉलेजात शिकत होती आणि कबड्डीत चढाई करायची. ती शिरली की समोरच्या मुली मागे सरकत. "काळ्या नी-कॅपवालीला धरा," असे प्रेक्षक ओरडत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

एका सामन्यात पकडीत तिचा गुडघा पिरगळला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या तीव्र वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि महिनाभर मैदान बंद सांगितले. पण तीन आठवड्यांवर रोह्याला जिल्हा संघाची निवड होती. गोळी घेतली की दुखणे पळे, आणि ती खेळू शके. पाच दिवस संपल्यावर तीच चिठ्ठी घेऊन ती दुसऱ्या दुकानात गेली. रामवाडीतल्या दुकानदाराने तारीख पाहून नकार दिला. पुढच्याने तारीख न पाहताच गोळ्या दिल्या.

घरच्यांना दिसू नये म्हणून गोळ्यांचे पाकीट ती माझ्या आत खोचून ठेवी. दुखणे तिला कळत नव्हते, मला कळत होते. सराव संपेपर्यंत गुडघा माझ्या आत फुगत जाई आणि मी ताणली जाई. मला सुटता येत नव्हते, सांगता येत नव्हते. जिने तिला सांभाळायचे, तीच मी ते पाकीट कवटाळून बसले होते.

रोह्याला ती गुंगीतच मैदानात उतरली. पहिल्याच चढाईत पाय कोलमडला. निवड हुकली. परतीच्या गाडीत, गोळ्यांचे ठाऊक असलेली तिची मैत्रीण वैशाली म्हणाली, "आता त्या गोळ्या तरी सोड."

"सोडते. आता त्या कशाला लागतात मला?" निशिगंधा म्हणाली.

पण गोळ्या तिला सोडेनात. एक दिवस घेतली नाही तर दरदरून घाम, नाक वाहणे, अंग मोडून येणे. घेतली की सगळे शांत. आता ती खेळण्यासाठी घेत नव्हती, नुसती धड उभी राहण्यासाठी घेत होती.

एका सकाळी तिने पाकीट काढले आणि जिते स्टेशनाच्या मागच्या गवतात भिरकावले. मला वाटले, दोघी सुटलो. दुपारी ती परत आली. सुजलेला गुडघा टेकून, रांगत, दोन्ही हातांनी गवत चाचपू लागली. दगड मला टोचत होते, तिला त्याची शुद्ध नव्हती.

तिची आई अनिता चाऱ्याचा भारा घेऊन तिथून चालली होती. "काय हरवलं गो?"

"कानातलं."

आईने भारा उतरवला आणि तीही शोधू लागली. थोड्या वेळाने तिच्या हाती पाकीट लागले. तिने ते उलटसुलट पाहिले.

"ह्या तर पाच दिसाच्या व्हत्या ना?"

निशिगंधा म्हणाली, "मला थांबता येत नाय, आई."

आई रागावली नाही. शेजारी बसली. "मंग दोघी जाऊ डॉक्टरकडं. आताच."

डॉक्टरांनी सांगितले, एकदम बंद करायच्या नाहीत; देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या. गुडघ्याचे लिगामेंट फाटले होते. वर्षभर खेळ नाही. समुपदेशनही सुरू झाले. दोनदा ती पुन्हा गोळ्यांकडे घसरली, दोनदा तिने स्वतःच सांगितले.

मी आता खुंटीला असते. परवा दवाखान्यात जाताना तिने मला चढवले. वाटेत थांबून ती म्हणाली, "आई, दुखतंय. जरा बसू." दोघी बांधावर बसल्या. इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून 'दुखतंय' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मित्रांनो, चिठ्ठीवर जितके दिवस लिहिले असतील तितकेच दिवस गोळी तुमच्या कामाची. त्यापुढे ती मागू लागलात, तर लपवू नका. घरी सांगा, डॉक्टरांना सांगा. मी कापडाची, मला तोंड नाही; तुम्हाला आहे.