कीर्तिकांतभाईंचा गुरुवार

"पप्पा, हा कॉम्प्युटर अठ्ठ्याण्णव साल दाखवतोय!"

जिगीषा दुपारीच वडोदऱ्याहून आली होती. वडिलांच्या शेअरच्या नोंदी त्या पुराणपुरुषातून काढून नव्या अ‍ॅपमध्ये टाकायचा तिने विडाच उचलला होता.

"दाखवणारच. मीच सांगितलंय त्याला," गाठिया मोडत कीर्तिकांतभाई म्हणाले.

भाई भावनगरच्या वीज कार्यालयातून निवृत्त झालेले कारकून. त्यांच्या जुन्या प्रोग्रामला दोन हजार दहाच्या पुढचं साल कळत नसे आणि रविवारची खरेदी तो घेत नसे. भाईंनी तोड काढली. घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे नेलं, की तारीख-वार तंतोतंत जुळतात. दोन हजार अकरा लागलं तेव्हा पडद्यावर त्र्याऐंशी लागलं, त्यांच्या लग्नाचं साल. तेव्हापासून भाई रोज सकाळी तासभर तिकडे जाऊन येत. तिकडे त्यांची बायको प्रवीणा होती, तिच्या बांगड्या होत्या. तिकडे शहाऐंशीत जिगीषा जन्मली, त्या दिवशी भाईंनी शेजारी पेढे वाटले आणि कारण काही सांगितलं नाही. म्हातारा हसत हसत हिशेब लिहितो, म्हणून लोक चेष्टा करत. करोत बापडे.

जिगीषाची नजर तारखेवर गेली. अकरा मार्च. तिचा हात माऊसवरच थांबला. त्याच अठ्ठ्याण्णवच्या बारा मार्चला मम्मी गेली, तेव्हा जिगीषा बारा वर्षांची होती.

"पप्पा, उद्याच की हो," ती हळूच म्हणाली. मग तिने मोबाइलमध्ये जुनी कॅलेंडरं चाळली. "आपण घड्याळ सत्त्याऐंशीवर नेऊ. वार तिथेही जुळतात. मम्मीला आणखी अकरा वर्षं मिळतील. अ‍ॅप राहू दे."

भाईंचा जीव क्षणभर त्या अकरा वर्षांत गुंतला. मग त्यांनी मान हलवली.

"नको बेटा. त्या सकाळी दवाखान्यात ती म्हणाली होती, आज नका ना जाऊ. मी म्हटलं, हा आलोच तासाभरात. आणि दलालाकडे बसून राहिलो, भाव दोन रुपये चढेल म्हणून. चढलाही मेला. अकराला परत पोचलो तेव्हा नर्स चादर काढत होती." त्यांनी गाठियाची बशी बाजूला सारली. "उद्या मी कुठे जाणार नाही. शुक्रवारी तुला काय हलवायचं ते हलव."

गुरुवारी बाजार चांगलाच वधारला. दलालाचे दोन फोन वाजून थांबले. भाई इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसले होते. चहावर साय धरली. जिगीषाने स्टूल ओढलं आणि ती त्यांच्या शेजारी बसली. अकरा वाजून गेले, तसे भाई कुणाला तरी सांगावं तसे पुटपुटले, "आहे ग मी."

फोन तिसऱ्यांदा वाजला. या वेळी जिगीषाने उचलला.

"पप्पा आज कामात आहेत," असं सांगून तिने तो ठेवून दिला.