राणीच्या मापाची होडी

मित्रांनो, समुद्रावर कधीच न गेलेली मी एक जुनी होडी आहे. पॅसिफिक महासागरातल्या तुवालू देशाच्या एका लहानशा बेटावर, गावच्या सभाघराच्या आढ्याला मी चाळीस वर्षं टांगलेली आहे. खांबांमधून मला समुद्र दिसतो. एवढंच.

आमचा देश स्वतंत्र झाला, तरी इंग्लंडची राणी आमचीही राणी राहिली. ती बेटावर येणार अशी बातमी आली. थोरांचे पाय पाण्याला लागू नयेत, त्यांना होडीत बसवून खांद्यावरून आणावं, अशी इथली रीत. म्हणून गावात होड्या कोरणाऱ्या पेनितालाने उंडीचं झाड पाडून मला कोरलं. खांद्यावर न्यायची होडी, म्हणून तोल राखणारी उलांडी मला बांधलीच नाही.

बसायची जागा केवढी ठेवावी, यावर मात्र वाद झाला.

"नाण्यावर तर बोटाएवढी दिसते," एकजण म्हणाला.

"अरे, राणी आहे ती! आपल्या सेलेपाएवढी तरी असणारच!"

सेलेपा ही पेनितालाची बायको, बेटावरची सगळ्यांत धिप्पाड बाई. तिला बसवून माप घेतलं. ती खदखदून हसली. "मी नाही उठत आता. राणीला दुसरी करा!"

ठरल्या दिवशी समुद्र खवळला. जहाज प्रवाळाच्या कडेबाहेरच थांबलं, तीनदा भोंगा वाजवला आणि निघून गेलं.

"राणी पुन्हा येईल. तोवर हिच्यात कुणी बसायचं नाही," गावप्रमुख लोटो म्हणाला.

तेव्हापासून दरवर्षी राणीच्या वाढदिवसाला लोक मला खोबरेल तेल चोळायचे, फुलं वाहायचे. राणीच्या वतीने सह्या करणारा प्रत्येक नवा गव्हर्नर जनरल मान वर करून माझं कौतुक करायचा. पेनिताला म्हातारा झाला. एकदा त्याने विचारलं, "हिला उलांडी बांधू का? चार मासे तरी आणेल."

"राणीची होडी मासे मारणार? लाज नाही वाटत?" लोटो ओरडला. पेनितालाने तो विषय सोडला. पुढे तो वारला. माझ्या लाकडाला भेगा पडत गेल्या.

मग रेडिओवर राणी गेल्याचं सांगितलं. सगळे रडले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, आशाही वाटली.

"आता होडी मोकळी झाली ना?" कुणीतरी विचारलं.

"मोकळी कशी? आईची वस्तू मुलाची होते. आता ती राजाची," लोटो म्हणाला.

गेल्या वर्षी सेलेपा अळू लावायच्या खोल खड्ड्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. राजधानीला नेणारं जहाज प्रवाळाबाहेर उभं होतं, ओहोटीआधी ते निघणार होतं. दवाखान्याची झोळी तिच्या वजनाने फाटली.

"हिला वाकवायचं नाही, नाहीतर कायमची अंथरुणात पडेल," परिचारिका टेपोला म्हणाली. तिने वर पाहिलं. "आजोबा, ही होडी काढा."

"ती राजाची आहे!"

चटईवरून सेलेपा कण्हत म्हणाली, "लोटो, माप कुणाचं आहे रे तिला?"

लोटोने मान खाली घातली. मग स्वतःच सुरी आणून दोर कापला.

सेलेपाला चटईसकट माझ्यात आडवं निजवून आठ जणांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी मला जहाजाच्या मोटारबोटीशेजारी टेकवलं. पहिल्यांदाच मला पाणी लागलं! ते भेगांमधून आत आलं.

"गळतेस गं," सेलेपा मला थोपटत म्हणाली. "मीही गळते हल्ली."

तिला बोटीत उचलून घेतलं. लाकूड पाण्यात राहिलं की फुगतं, भेगा मिटत जातात. पण लोकांनी मला लगेच बाहेर काढून पुसलं आणि नव्या दोराने पुन्हा टांगलं. तीन दिवस माझ्यातून सभाघरात खारं पाणी ठिबकत होतं.

सेलेपा काठी टेकत परत आली. रोज दुपारी माझ्याखाली बसते आणि लोटोला चिडवते, "राजा आला की आधी मला विचारायला सांग हं. जागा माझी आहे."

लोटो हसतो, पण दोराला हात लावत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणा मोठ्या पाहुण्यासाठी जपून ठेवलेली एखादी वस्तू असेल. तिला नुसतं पुसत बसू नका, वापरा. आणि कधी आमच्या बेटावर आलात, तर लोटोला माझा निरोप सांगा: तेल पुष्कळ झालं. मला एक दिवस पाण्यात राहू द्या.