निळा कागद संपला तेव्हा

काचेखाली जे चकचकीत ठाणं दिसतंय, तो मी. पंचवीस वर्षांनी इथे काय असेल ते साहेबलोकांना दाखवणारा, फोम आणि पुठ्ठ्याचा देखावा. सगळे मला 'उद्या' म्हणतात. मला त्या नावाची भीती वाटते.

ठाकुर्लीच्या एका गाळ्यात सुदेशने मला घडवलं. उंच इमारती, उडत्या टॅक्सी, मोहरीएवढे दिवे, सगळं जीव ओतून केलं. पण मला न्यायला टेम्पो दारात आला आणि माझ्यातली कोलशेतची खाडी करताना सुदेशचा पाण्यासाठीचा निळा कागद संपला. त्याने तिथे उरलेलं हिरवं गवत चिकटवलं.

"चल, नंतर बदलू," तो म्हणाला. ते राहूनच गेलं.

साहेबांच्या बैठकीत एका पाहुण्याने नेमकं त्या गवतावर बोट ठेवलं. "एवढी मोकळी जागा? मग ड्रोनचं संशोधन केंद्र इथेच टाका ना!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पडदा सारला असता तर खिडकीतून खाडी दिसली असती. पण पडद्यावर स्लाइड चालू होत्या. पुढे माझा फोटो आराखड्यात गेला आणि त्यावर शिक्के बसले.

मग लोकांना मला पाहायला बोलावलं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली आवडाबाई आली. माझ्याभोवती चारदा फिरली आणि शिपाई दर्शनला म्हणाली,

"पोरा, माजा घर कुठं हाय यात? आनि आमची होरी कुठं लावाची?"

होडी पाण्यात लोटताना देवीला ठेवतात तशी सुपारी तिने पिशवीतून काढली आणि काचेवर, बरोबर आपल्या घराच्या जागी ठेवली. ती गेल्यावर साहेबांनी काच पुसून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल सुदेश धापा टाकत आला. हातात निळ्या कागदाची गुंडाळी होती.

"साहेब, चूक माझी आहे. तिथे खाडी आहे. दहा मिनिटांत बदलतो."

"आता राहू द्या हो," साहेब हसले. "भराव सुरू झालाय. दोन महिन्यांत तुमचं गवत बरोबर ठरेल."

सुदेश गुंडाळी तिथेच विसरून गेला. डंपरच्या धक्क्यांनी माझे इवले दिवे थरथरतात.

उद्या तुम्हालाही मला बघायला बोलावतील. आधी आपलं घर शोधा. नाही सापडलं, तर मान डोलावून परत जाऊ नका. माझी काच फोडा.