कणांचं आपसातलं बळ

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी जाव मनकर्णा एमएस्सी झालेली. औरंगाबादेहून तिला संशोधनाच्या मुलाखतीचं पत्र आलं, अन् तारीख सोमवारची! तिचा नवरा भुजंग राजी होता, पर बापापुढं त्याची दातखीळ बसती. शेवटचा शब्द मामाजींचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा.

आमच्या चुडाव्यातल्या घरात सुनंनं सासऱ्याशी बोलायचं न्हाई. दाराआडून सासूला, म्हणजे आत्याबाईंना सांगायचं, सासूनं पुढं सांगायचं. मी अकरा वर्षं तसंच केलं.

मामाजी ओसरीवर बसले. "तिथं जाऊन काय शिकणार म्हणावं?"

मनकर्णा दाराआडून भराभर कुजबुजली, "आत्याबाई, सांगा, आकाशात लय पदार्थ असा हाय, जो दिसतच न्हाई. त्याच्या वजनानंच तारे बांधलेले राहतेत."

आत्याबाईंनी पोचवलं, "आभाळात म्हणं न दिसणारी भुतं हायत. ती ताऱ्यांना धरून ठेवतेत."

"भुतं शिकायला औरंगाबाद? आपल्या चिंचंवर काय कमी हायत? काही गरज न्हाई."

झालं! मनकर्णा पदर सावरायचा विसरून थेट ओसरीवर गेली.

"भुतं न्हाईत, मामाजी! कण हायत. लोकांना वाटायचं, ते एकमेकांची दखलच घेत न्हाईत. आता नवा विचार निघालाय, त्यांचं आपसात काहीतरी चालत असंल! एकमेकांना ढकलत असतील, धडकत असतील. त्यांचं स्वतःचं बळ असंल, अन् आपल्या उजेडाला त्याचा पत्ताच न्हाई!"

अगं बाई, ही तर आमचीच कथा! ओसरीवर आमचा आवाज न्हाई, अन् आत आमचं काय काय चालतंय ते कुणाला ठाऊक? मी टाळी वाजवणारच होते.

मामाजींनी मान खाली घातली. मग त्यांनी सरळ तिलाच विचारलं, "ते बळ कुणी बघितलंय का?"

"अजून कुणीच न्हाई! म्हणून तर जायचंय. दुसऱ्या कुणी आधी शोधलं, तर मी जळून जाईन बघा!"

मामाजी हसले. खरंच हसले! "जा मग. पर एकटी कशी जाणार? भुजंग सोमवारी मानवतच्या मोंढ्यात माल विकायला जाणार."

माझे हात पिठाचे, तशीच मी उंबऱ्याबाहेर आले.

"मी जाते तिच्यासंगं."

मान खाली घालूनच मामाजींनी आत्याबाईंना विचारलं, "हा कुणाचा आवाज हाय?"

"थोरल्या सुनंचा, सरजाचा," मीच सांगितलं. "गाडी सकाळी सहाला हाय, मामाजी."